पेल्टेट पान म्हणजे काय? ढाल, छत्री आणि देठाची जागा

प्रश्न थोडक्यात असा. पावसाळ्यात आंबोली घाटात रस्त्याकडेला मोठ्या, रुंद पानांचं एक झाड दिसलं. सोबतच्या माणसानं नाव सांगितलं चांदाडा. शास्त्रीय नाव शोधलं तर मॅकरँगा पेल्टाटा निघालं, आणि वर्णनात पानं ‘पेल्टेट’ असतात असं लिहिलेलं. इंग्रजी कोशात पेल्टेट म्हणजे ढालीसारखं. मराठी पुस्तकांत त्यालाच छत्राकृती म्हणतात. झाडावरचं पान मात्र टोकदार, दोन्हींशी न जुळणारं. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि तो आला कुठून?

सगळा घोळ ‘पेल्टेट’ हा पानाच्या आकाराचा शब्द मानल्यामुळे होतो. पान गोल आहे, लांबट आहे की पंज्यासारखं फाटलेलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. देठ पात्याला कुठे जोडलेला आहे, एवढंच तो सांगतो. आंबा, पिंपळ, जास्वंद यांच्या पानात देठ पात्याच्या तळाशी, अगदी कडेवर येऊन मिळतो. पिंपळाच्या पानाला तळाशी बदामासारखी खाच असते, पण देठ त्या खाचेत, कडेवरच असतो. पेल्टेट पानात देठ कड ओलांडून आत जातो आणि पात्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दूर जोडला जातो. एखादी मुंगी पानाच्या कडेकडेनं चालत निघाली, तर आंब्याच्या पानावर तिला वाटेत देठ आडवा येईल. पेल्टेट पानावर ती पूर्ण फेरी मारून परत येईल आणि देठ तिला भेटणारच नाही. व्याख्या म्हणून एवढं पुरेसं आहे.

आता तुमचा चांदाडा. त्याचं पान रुंद, खाली गोलावलेलं आणि वर टोक काढलेलं असतं. पान उलटं करून पाहा. देठ कडेपासून चांगला आत चिकटलेला दिसेल, आणि त्या एका बिंदूपासून जाड शिरा सगळ्या दिशांना फाकलेल्या दिसतील. टोकाकडे जाणारी शीर लांब, मागे जाणाऱ्या आखूड. वरून पाहिलं तरी तो बिंदू फिकट ठिपक्यासारखा कळतो. झाडाला ‘पेल्टाटा’ हे नाव विल्यम रॉक्सबर्गनं दिलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे हे अधीक्षक. त्यांनी झाडाला ऑसिरिस पेल्टाटा म्हटलं होतं, आणि ते छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली. पुढे १८६६ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ म्युलर आर्गोव्हिएन्सिस यांनी त्याला मॅकरँगा या प्रजातीत, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द सांगतो त्या गटात, हलवलं. प्रजाती बदलली, पण देठाची खूण सांगणारा शब्द नावात तसाच राहिला. कोकणात आणि गोव्यात जंगल तोडलेल्या जागी, रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर हे झाड पटकन उगवतं. फांदी मोडली तर लालसर चीक येतो. पान आणि चीक दोन्ही पाहिलेत तर ओळखीत शंका उरत नाही.

आकाराशी संबंध नाही हे पटवायला मी विद्यार्थ्यांना चांदाड्याऐवजी एरंड दाखवतो. एरंड प्रत्येक गावाबाहेर उकिरड्यावर असतोच. त्याचं पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं, दातेरी कडांचं. ते ढालीसारखं आहे असं कोणी म्हणणार नाही. तरीही एरंडाचं पान पेल्टेट आहे, कारण बोटांसारखे सगळे भाग एका छोट्या तबकडीत मिळतात आणि देठ त्या तबकडीला खालून, कडेच्या आत जोडलेला असतो. म्हणजे एकाच पानाचं वर्णन ‘पंजाकृती’ आणि ‘पेल्टेट’ अशा दोन शब्दांनी करावं लागतं, आणि दोन्ही बरोबर असतात. एक कडेची रेघ सांगतो, दुसरा जोड.

मग ढाल कुठून आली? ग्रीक भाषेत ‘पेल्टे’ नावाची एक हलकी ढाल होती. थ्रेस म्हणजे आजचा बल्गेरिया आणि त्याच्या दक्षिणेचा प्रदेश. तिथले भालाफेके ती वापरत. वेताच्या सांगाड्यावर चामडं ताणून केलेली, आणि पुष्कळदा वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी खाच असलेली. ती घेऊन लढणाऱ्या सैनिकाला ‘पेल्टास्ट’ म्हणत. जड चिलखतातले ग्रीक सैनिक या हलक्या लोकांना आधी फारसं मोजत नसत, पण इ. स. पू. ३९०च्या सुमारास कॉरिंथजवळ लेकायन इथे अथेन्सच्या इफिक्रातेसनं पेल्टास्टांच्या बळावर स्पार्टाच्या एका पथकाचा धुव्वा उडवला. तेव्हापासून या ढालीला आणि तिच्या शिपायाला वजन आलं.

लॅटिननं हा शब्द ‘पेल्टा’ म्हणून उचलला आणि त्यावरून ‘पेल्टाटुस’ हे विशेषण झालं. गंमत अशी की जुन्या लॅटिनमध्ये पेल्टाटुस म्हणजे ढालीसारखा नव्हे, ढाल हाती घेतलेला. रोमन कवी ओव्हिडनं तो शब्द ग्रीक पुराणकथांतल्या ॲमेझॉन, म्हणजे ढाल घेऊन लढणाऱ्या बायकांसाठी वापरला आहे. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये आल्यावर मात्र तो ढालधाऱ्याकडून ढालीकडे सरकला. लॅटिन येणाऱ्या माणसाला ‘फोलिउम पेल्टाटुम’ वाचताना क्षणभर ढाल घेतलेलं पान डोळ्यांसमोर येत असणार.

वर्णनाच्या शब्दांना पक्की व्याख्या देण्याचं काम स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसनं केलं. १७५१ सालच्या ‘फिलॉसॉफिया बोटानिका’ या ग्रंथात त्यानं पानांच्या प्रकारांची यादी आणि चित्रं दिली आहेत. तिथे पेल्टाटुमचा अर्थ तोच आहे जो मी वर सांगितला: देठ पानाच्या तळाशी किंवा कडेला न मिळता पात्याच्या चकतीत मिळतो. लिनियसला शब्द हवा होता तो जोडासाठी, म्हणून ढालीची बाह्यरेषा त्याला महत्त्वाची नव्हती. मूळ पेल्टेला खाच असायची आणि लिनियसच्या अर्थानं पेल्टेट असलेली कित्येक पानं पूर्ण गोल असतात, हा विरोधाभास त्यामुळेच चालून गेला. ढालीत महत्त्वाचं काय, तर ती मागून, मधोमध धरतात. आपल्याकडच्या ढालीतही हेच आहे. संग्रहालयात मराठा काळातली गोल ढाल पाहा. दर्शनी बाजूला मध्याभोवती चार उठावदार चकत्या असतात, आणि मागची मूठ त्याच ठिकाणी बसवलेली असते. हात म्हणजे देठ आणि ढाल म्हणजे पातं, असं लावलं की शब्द बसतो.

लिनियसच्या डोक्यात हे लढाईचं चित्र किती घट्ट होतं ते दुसऱ्या एका नावावरून कळतं. पुण्यात हिवाळ्यात कुंड्यांमध्ये केशरी-पिवळ्या फुलांचं नॅस्टर्शियम लावतात. त्याचं पान जवळजवळ वर्तुळ, देठ जवळजवळ मध्यावर, शिरा चारी बाजूंना. पेल्टेट पान पहिल्यांदा पाहायचं असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही. या वनस्पतीच्या प्रजातीला लिनियसनं ‘ट्रोपिओलम’ नाव दिलं. विजयानंतर रणांगणावर खांब रोवून त्यावर हरलेल्या शत्रूच्या ढाली आणि शिरस्त्राणं टांगण्याची प्राचीन प्रथा होती. त्या खांबाला ‘ट्रोपेउम’ म्हणत, इंग्रजीतली ट्रॉफी त्यातूनच आली. काठीवर चढवलेला हा वेल पाहून लिनियसला गोल पानं ढालींसारखी आणि फुलं रक्तानं माखलेल्या शिरस्त्राणांसारखी वाटली. कुंडीतल्या इतक्या नाजूक रोपाला असं नाव मिळावं, हे मला आजही थोडं अतिच वाटतं. पण नाव विसरता येत नाही, हे कबूल.

मराठीत ढालीऐवजी छत्र आलं, आणि माझ्या मते ते वाईट झालं नाही. छत्रीची दांडी मध्यभागी असते आणि काड्या तिथून सगळीकडे जातात, त्यामुळे जोड आणि शिरांची मांडणी दोन्ही एका शब्दात येतात. अडचण एवढीच की ‘छत्राकृती’मधला ‘आकृती’ वाचणाऱ्याला पुन्हा बाह्यरेषेकडे नेतो, आणि मग गोल पान दिसलं की ते छत्राकृती असा समज होतो. तुमचाही गोंधळ या ‘आकृती’मुळेच झाला. म्हणून मी वर्णन लिहिताना शब्द वापरतो आणि लगेच पुढे ‘देठ कडेपासून आत’ असं साध्या मराठीत लिहून टाकतो.

गोल पान आणि पेल्टेट पान यांची गल्लत सर्वांत जास्त होते ती तळ्याकाठी. कमळ आणि कुमुद दोघांची पानं गोल, दोघांची पाण्यात, आणि बोलताना दोघांनाही कमळच म्हणतात. पण कमळाचं पान पेल्टेट आहे. देठ अगदी मध्याजवळ, कडेला कुठेही चीर नाही. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत खोल फट असते. कास पठारावरच्या कुमुदिनी तलावातली पांढरी फुलं पाहायला गर्दी होते. ती वनस्पती निम्फॉइडिस इंडिका, कुमुदाहून वेगळ्याच कुळातली, पण तिचंही पान देठापर्यंत चिरलेलं, बदामी. सोपी खूण म्हणजे कमळाची पुष्कळ पानं पाण्याच्या वर, उंच देठावर उभी असतात. कुमुदाची बहुतेक पाण्यावर पसरलेली. अर्थात कुमुदाच्या काही जातींत फट देठापर्यंत पूर्ण पोचत नाही आणि पुढे पात्याची एक छोटी पट्टी उरते. अशा वेळी वर्णनकार ‘सबपेल्टेट’ म्हणजे जेमतेम पेल्टेट असा मधला शब्द वापरतात. निसर्गात दोन खाती आखलेली नसतात, आपण आखतो.

कमळाच्या पानात मध्यावरच्या जोडाला आणखी एक काम आहे. पानाच्या मधोमध फिकट रंगाची छोटी चकती दिसते, बरोबर देठ जिथे खालून मिळतो तिथे. त्या चकतीवर मोठी पर्णरंध्रं, म्हणजे हवेची ये-जा होणारी छिद्रं असतात. पात्यात आलेली हवा देठातल्या नळ्यांतून खाली चिखलातल्या कंदापर्यंत जाते आणि दुसऱ्या नळ्यांतून परत येऊन या चकतीतून बाहेर पडते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या रॉजर सेमूर आणि फिलिप मॅथ्यूज यांनी दाखवलं की ही मधली रंध्रं उघडझाक करून वाऱ्याचा हा प्रवाह नियंत्रित करतात. बाजारातली कमळकाकडी आडवी कापली की चकतीत जी भोकं दिसतात, ती याच हवेच्या नळ्या.

कमळाच्या पानाबद्दल बोलताना ‘पद्मपत्रमिवाम्भसा’ हटकून आठवतं; गीतेच्या पाचव्या अध्यायातला श्लोक. पाणी न चिकटणं हा गुण मात्र पेल्टेट असण्यामुळे येत नाही. तो पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांमुळे आणि त्यांवरच्या मेणामुळे येतो. योगायोग असा की अळू आणि नॅस्टर्शियम यांच्या पानांवरही पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, आणि ती दोन्हीही पेल्टेट. ‘अळवावरचं पाणी’ हा आपला शब्दप्रयोग त्यातूनच आलेला. पण यावरून नियम काढू नका. पहाडवेलीचं पान पेल्टेट असू शकतं आणि ते लवदार असतं.

अळूवर जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात पेल्टेट पान सर्वांत जास्त हाताळलं जातं ते स्वयंपाकघरात. अळूवडी करताना पानं पालथी घालतात, जाड शिरा लाटण्यानं दाबतात आणि पाठीवर पीठ लावतात. त्याच वेळी पाठीकडून नीट पाहा. पानाला तळाशी मोठी खाच असते, दोन कानांसारखे भाग मागे जातात, पण खाच देठाच्या जागेपर्यंत पोचत नाही. देठ खाचेच्या पुढे, पात्याच्या आत जोडलेला असतो. तिथून तीन मोठ्या शिरा निघतात: एक टोकाकडे, दोन मागच्या कानांमध्ये. वडीचं काळसर देठाचं अळू आणि भाजीचं हिरव्या देठाचं अळू, दोन्हींत हे सारखंच.

बागेत ‘हत्तीकान’ म्हणून लावतात त्यांत मात्र दोन-तीन वेगळ्या वनस्पती मिसळलेल्या असतात. झँथोसोमात खाच थेट देठापर्यंत जाते आणि देठ कडेवरच असतो. इतकं की खाचेच्या तळाशी शिरेचा थोडा भाग पात्याविना उघडा दिसतो. अलोकेशियाच्या मोठ्या जातींत वाढलेलं पान बहुधा कडेवर जोडलेलं असतं, पण त्याच रोपाची कोवळ्या वयातली पानं पेल्टेट असू शकतात. म्हणून एक पान पाहून निकाल देऊ नये. शिवाय, पेल्टेट आहे म्हणजे खाण्याजोगं अळू आहे असं कोणी समजू नये, हे स्पष्ट सांगतो. रंगीबेरंगी पानांचं कॅलेडियमही पेल्टेट असतं आणि ते खाण्याचं नाही. देठाच्या जोडावरून गट कळायला मदत होते. खाण्याचा निर्णय ओळखीच्या, लावलेल्या अळूपुरताच ठेवावा. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर, शेवाळलेल्या बेचक्यांत उगवणारं रुखाळू आहे, त्याचं शास्त्रीय नाव रेमुसेशिया व्हिव्हिपारा. त्याचं पानही अळूसारखं, पेल्टेट. कोकणात जाणती माणसं त्याच्या वड्या करतात, पण ओळख त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची असते, पुस्तकातली नव्हे.

आणखी एक जोडी रोजच्या वापरातली. मंडूकपर्णी किंवा कारिवणा, जिला ब्राह्मीही म्हणतात, तिचं पान वाटोळं असतं पण तळाशी खोल खाच असते आणि देठ खाचेत, कडेवर. नर्सरीत पेनीवर्ट म्हणून मिळणाऱ्या हायड्रोकोटाइलच्या काही जातींचं पान पूर्ण गोल, देठ मध्यावर, म्हणजे पेल्टेट. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्ही कुंडीत छान दिसतात. औषधासाठी मंडूकपर्णी हवी असेल तर पान उलटं करून देठ पाहायला अर्धा मिनिट लागतो.

इतकी वेगवेगळ्या कुळांतली नावं घेतली, यावरून एक गोष्ट लक्षात आली असेल. कमळ, एरंड, अळू, नॅस्टर्शियम, पहाडवेल यांचं आपसात जवळचं नातं नाही. पेल्टेट पान उत्क्रांतीत अनेकदा, स्वतंत्रपणे तयार झालं आहे. ते कसं घडतं हे समजलं की शब्दाची व्याख्या आपोआप पक्की होते, म्हणून थोडं खोलात जातो.

पान कळीत अगदी लहान उंचवटा असतं तेव्हाच त्याच्या दोन बाजू ठरतात: खोडाकडे तोंड असलेली, जी पुढे वरची बाजू होते, आणि पाठ, जी खालची बाजू होते. पातं पसरतं ते या दोन बाजू जिथे भेटतात त्या सीमेवरून. स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडातल्या ‘फँटास्टिका’ नावाच्या जनुकाच्या अभ्यासातून वेट्स आणि हडसन यांनी १९९५ मध्ये ही कल्पना ठळकपणे मांडली. साध्या पानात वरची बाजू देठाच्या पुढच्या अंगावरूनही खाली उतरते. म्हणून दोन सीमारेषा पात्याच्या डाव्या-उजव्या कडांवरून देठाकडे येतात आणि देठाच्या दोन बाजूंनी खाली जातात. पात्याची कड देठापाशी तुटते ती इथे.

आता समजा देठात वरची बाजू उरलीच नाही आणि देठ चहूकडून पाठीच्याच गुणांचा झाला. मग वरच्या बाजूचा प्रदेश देठाच्या वरच्या टोकाशी संपतो, आणि सीमारेषा तिथे देठाच्या पुढून आडवी जाऊन दुसऱ्या बाजूच्या सीमेला मिळते. सीमा जिथे असेल तिथे पातं वाढणार, तेव्हा देठाच्या पुढच्या अंगालाही पातं वाढतं आणि कड पूर्ण वर्तुळ होते. झालं पेल्टेट पान. देठ आणि पेल्टेट पानं यांचा हा संबंध जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म ट्रोल यांनी १९३०च्या दशकातच, जनुकांचा पत्ता नसताना, निव्वळ रचना पाहून ओळखला होता. देठाच्या पुढून जाणाऱ्या या आडव्या पट्ट्याला जर्मनमध्ये ‘क्वेअरत्सोने’ म्हणजे आडवा पट्टा असंच म्हणतात. पुढे २००३ मध्ये टोमॅटोत फँटास्टिकाचं काम कमी केल्यावर संयुक्त पानांच्या पर्णिका एका बिंदूभोवती छत्रीच्या काड्यांसारख्या मांडल्या गेलेल्या दिसल्या, आणि २००५ मध्ये खुद्द नॅस्टर्शियमच्या वाढत्या पानात ‘याबी’ गटातल्या एका जनुकाचा प्रदेश नेमका याच प्रकारे बदलतो असं आढळलं. लिनियसनं ज्या रोपात ढाल पाहिली, त्याच रोपात हे उकललं.

अशा पानाचा झाडाला काय उपयोग? देठ उभा आणि पातं आडवं अशी रचना करायची असेल तर आधार मध्याजवळ असणं सोयीचं. वजन चहूकडे वाटलं जातं, शिरा आखूड राहतात, पातं एका बाजूला कलत नाही. पाण्यावर, पाण्याच्या वर किंवा सावलीत प्रकाश गोळा करणाऱ्या वनस्पतींना हे पथ्यावर पडतं. पण एरंडासारखी उन्हातली झाडंही पेल्टेट आहेत, तेव्हा एका कारणात सगळं बसवायचा आग्रह मी धरणार नाही.

पेल्टेट हा शब्द पानापुरता थांबलाही नाही, आणि इतर ठिकाणचा त्याचा वापर पाहिला की अर्थ आणखी साफ होतो. शहरात रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलोऱ्याचा सोनमोहर असतो, त्याची प्रजाती पेल्टोफोरम, म्हणजे ढाल वाहणारा. त्याची पानं पेल्टेट नाहीत. ती चिंचेसारख्या बारीक पर्णिकांची. ढाल आहे ती फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकावर. परागकण झेलणारा भाग तिथे चकतीसारखा पसरलेला असतो आणि खालून मध्यावर जोडलेला. आंबगुळाच्या पानाची पाठ चांदीसारखी चमकते, कारण तिच्यावर बारीक खवले असतात, प्रत्येक खवला मधल्या बिंदूनं चिकटलेला. त्यांनाही पेल्टेट म्हणतात. तुळस आणि पुदिना यांच्या पानावर डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलग्रंथी असतात, बुटक्या पायावर चपटं डोकं अशा. त्यांचं नावही पेल्टेट ग्रंथी. पान चुरगाळल्यावर येणारा वास मुख्यतः त्यांतला. सगळीकडे एकच गोष्ट: चकती, आणि तिला मध्यापाशी, खालून धरणारा आधार.

एका शब्दापासून मात्र सावध राहा, परीक्षेत हमखास गफलत होते ती इथे. ‘परफोलिएट’ म्हणजे पानातून खोड आरपार गेल्यासारखं दिसणं. पश्चिम घाटातली कॅन्स्कोरा परफोलिएटा त्याचं उदाहरण. नावातच ते आहे. तिथे चकतीच्या मधून खोड पुढे जातं. पेल्टेटमध्ये देठ चकतीला टेकून संपतो.

तुम्ही स्वतः नोंद करणार असाल तर काही कामाच्या गोष्टी. फोटो पानाच्या वरून काढला तर देठ कुठे जोडलाय हे अनेकदा कळत नाही, म्हणून एक फोटो पाठीकडून घ्याच. वरूनच पाहायची वेळ आली तर सगळ्या मुख्य शिरा कुठे एकत्र येतात ते शोधा. ती जागा कडेवर असेल तर पान पेल्टेट नाही. दोन कान एकमेकांवर चढलेले असतील तर कड सलग असल्याचा भास होतो, विशेषतः कुमुद आणि काही बेगोनियांमध्ये. तिथे नख घालून फट आहे का ते पाहा. दाबून वाळवलेल्या नमुन्यात निदान एक पान पालथं ठेवा, नाहीतर पुढे कागदावरून काहीच ठरवता येत नाही. आणि नुसतं ‘पेल्टेट’ लिहून थांबू नका. देठ जवळच्या कडेपासून किती सेंटिमीटर आत आहे आणि पान एकूण किती लांब आहे, हे दोन आकडे द्या. नॅस्टर्शियममध्ये देठ जवळपास मध्यावर असतो, चांदाड्यात आणि अळूत एका बाजूला. पहाडवेलीत तर एका पानात देठ किंचित आत असतो आणि दुसऱ्या पानात अगदी कडेवर, त्यामुळे तिची पानं वेलीच्या वेगवेगळ्या उंचीवरून घ्या आणि प्रत्येकाचं माप स्वतंत्र लिहा.